वहिनी ‘नाही’ म्हणू शकते का? : ‘मला आई व्हायचंय!’ पुन्हा पाहताना

पालेगावात व्याख्यान आहे म्हटल्यावर आमच्या घरी विचारणा झाली, रविवारी संध्याकाळी सरोगसीवर ऐकायला कोण येणार? पण तुम्ही आलात. त्याचं कारण आम्हाला ठाऊक आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात आता एखादा भाऊ, भाची, जावई परदेशात असणं ही नवलाई राहिलेली नाही. तेव्हा आजचा विषय दूरचा नाही, आपल्या बैठकीच्या खोलीतला आहे.

बोलायचंय एका मराठी चित्रपटाबद्दल. पेशानं वकील असलेल्या समृद्धी पोरे यांनी दिग्दर्शित केलेला ‘मला आई व्हायचंय!’ २०११ मध्ये आला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. उर्मिला कानेटकर यांनी त्यात यशोदा केली. मेरी नावाची परदेशी बाई मूल हवं म्हणून भारतात येते, गरिबीनं गांजलेली यशोदा पैशांसाठी तयार होते. मूल अपंग जन्मेल असं कळल्यावर मेरी निघून जाते. यशोदा ते गोरं मूल वाढवते, आणि काही वर्षांनी मेरी दारात उभी राहते. पुढे याच कथेवरून हिंदीत ‘मिमी’ निघाला, २०२१ मध्ये.

आम्ही हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा रडलो. नुकताच पुन्हा पाहिला, तेव्हा मात्र एक गोष्ट खटकली. ती अशी, की या चित्रपटातला अन्याय डोळ्यांना सहज दिसतो, कारण तो गोऱ्या कातडीतून येतो. गावात सावळ्या बाईच्या कडेवर गोरं पोर! प्रेक्षकाला काही समजावून सांगावंच लागत नाही. परकी बाई आली, आमच्या गरीब लेकीची कूस भाड्यानं घेतली, मन फिरल्यावर टाकून गेली. राग कुणावर धरायचा, हे पहिल्या अर्ध्या तासात ठरून जातं.

आता मेरीच्या जागी टोरांटोत राहणारी आपलीच एखादी मीरा ठेवून बघा. मराठी बोलते, गणपतीला घरी येते, सगळ्यांना चॉकलेटं आणते. तिच्यासाठी मूल वाढवणारी तिची धाकटी जाऊ. पैशांचा प्रश्नच नाही. मूल दिसायला आपल्यासारखंच. आता राग कुणावर धरायचा? हा चित्रपट इथं मुका होतो. आमच्या मते तोच खरा अवघड चित्रपट आहे, आणि तो अजून कुणी काढलेला नाही.

कायदा मात्र नेमका तिथंच येऊन थांबलाय. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारनं परदेशी नागरिकांसाठीची सरोगसी बंद केली. त्यात ओसीआय कार्डधारकही आले. मग सरोगसी नियमन कायदा २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पैसे देऊन केलेली सरोगसी गुन्हा ठरली. उरली ती परोपकारी. स्त्रीला वैद्यकीय खर्च मिळेल, ३६ महिन्यांचा विमा मिळेल, मोबदला नाही. परदेशी जोडप्यांना दार बंदच राहिलं, पण भारतीय वंशाच्या जोडप्यांना मंडळाची शिफारस घेऊन पुन्हा उघडलं. म्हणजे मेरीला नाही, मीराला हो.

इथं आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. परोपकार हा हेतूचा शब्द आहे की किमतीचा? एखाद्या कामाची किंमत शून्य केली म्हणून करणाऱ्याचा हेतू आपोआप निर्मळ होत नाही. डॉक्टर फी घेतात, प्रयोगशाळा घेते, वकील घेतात. नऊ महिने ज्या शरीरात सगळं घडतं, तेवढ्या एकाच शरीराकडून आपण परोपकाराची अपेक्षा करतो. आम्ही पैशाच्या सरोगसीची वकिली करत नाही. यशोदेची गरिबी ही संमती नव्हे, हे चित्रपटानं बरोबर दाखवलं. आमचं म्हणणं एवढंच, की गरिबी काढून टाकली म्हणजे दडपण गेलं असं नाही. नात्याचंही दडपण असतं.

एक जुनं उदाहरण घ्या. २००४ मध्ये गुजरातेत आणंदला एका आजीनं इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मुलीसाठी जुळ्यांना जन्म दिला. निखळ मायेची गोष्ट. आजचा कायदा मात्र त्या आजीला उभं करणार नाही, कारण त्याला २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली स्त्री हवी. वयाच्या अटीमागे तब्येतीची काळजी आहे, ते मान्य. पण परिणाम बघा. स्वतःच्या घरात शब्द चालतो अशी आई बाद झाली. आता या वयात नात्यातलं कोण बसतं? बहीण, नणंद, नाहीतर धाकटी जाऊ. कायदा ‘इच्छुक स्त्री’ म्हणतो, नातेवाईकच हवी असं म्हणत नाही. पण पैसे न घेता अनोळखी बाई कुठून आणणार? शोध घरातच येतो.

आता आमची एक चूक सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी परदेशात असतो. पत्नीचे तीन गर्भपात झालेले. त्यानं फोनवर विचारलं, “सर, वहिनीला विचारू का?” आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “विचार की! नको असेल तर नाही म्हणेल.” त्यानं विचारलं. सासूबाई, नवरा, सगळे बसलेले. वहिनी हो म्हणाली. पुढं डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारलं, तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “यांच्या पैशांवर आमचं घर झालंय, मी नाही कसं म्हणू?” डॉक्टरांनी प्रकरण तिथंच थांबवलं. त्या बाईंच्या शहाणपणापुढं आमची चाळीस वर्षांची अध्यापकी फिकी पडली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, कर्तव्य म्हणून दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीसाठी, किंवा मनात क्लेश ठेवून दिलेलं ते राजस. वहिनीचं दान कुठं बसतं? घराचे हप्ते ज्यानं भरले त्याला, मनाविरुद्ध. दोन्ही अंगांनी राजस! इंग्रज अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानावर पुस्तक लिहिलं, विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दिलेलं रक्त बरं असं मांडलं. आम्हाला त्यातलं एक मोलाचं वाटतं: रक्तदाता अनोळखी माणसाला देतो. तो आला नाही तर कुणाला कळतही नाही. नकार देता येतो, म्हणून ते दान. वहिनी आली नाही तर मात्र सगळ्या खानदानाला कळतं.

इंग्लंडातही मोबदल्याची सरोगसी चालत नाही. पण तिथं जन्म देणारी स्त्रीच आधी कायद्यानं आई असते, आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे उलटेपर्यंत तिची संमती ग्राह्यच धरत नाहीत. आपल्याकडं तिला माघार घेता येते ती गर्भ रोपण्याआधीच. जन्मलेलं मूल थेट त्या जोडप्याचं. इंग्लंडची पद्धत जोडप्याला टांगणीवर ठेवते, हे खरं. पण ती बाईला थकलेल्या, रिकाम्या शरीरानं पुन्हा एकदा विचार करू देते.

मग चित्रपट वाया गेला का? मुळीच नाही. त्यानं एक प्रश्न वेळेवर विचारला: मागवलेलं मूल मनासारखं नसेल तर कुणाचं? आज कायद्यानं असं मूल टाकून देण्यावर बंदी आहे. आमची तक्रार एवढीच, की त्यानं यशोदेचे अश्रू दाखवले, पण तिचा नकार कसा दिसला असता हे दाखवलं नाही. आणि नाव यशोदा! गोकुळातल्या यशोदेनं जन्म दिला नव्हता, वाढवलं होतं. इथल्या यशोदेनं दोन्ही केलं, तरी ती दारात अपराध्यासारखी उभी.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात हा विषय निघाला, तर आमच्यासारखा सल्ला देऊ नका. बाईला एकटीला विचारा. सासू नको, नवरा नको, फोनवर परदेशातला दीरही नको. आणि विचारण्याआधी ठरवा, की ती नाही म्हणाली तर दिवाळीचा फराळ पूर्वीसारखाच एकत्र होईल. हे ठरवता येत नसेल, तर विचारूच नका.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या, आणि पहिला प्रश्न एखाद्या ताईंनी विचारला तर आम्हाला आनंद होईल.