बक्षिसाचे डुक्कर: अमेरिकी काउंटी फेअर आणि 'शार्लट्स वेब'

ई. बी. व्हाइट यांच्या 'शार्लट्स वेब' (१९५२) या कादंबरीतले विल्बर नावाचे डुक्कर मेळ्यात पहिले येत नाही. पुस्तक लहानपणी वाचलेल्या पुष्कळांच्या हे लक्षात राहत नाही. पहिल्या क्रमांकाची निळी खूण लागते ती शेजारच्या कुंपणातल्या अंकल नावाच्या अवाढव्य डुकराला. विल्बरच्या वाट्याला येते ते एक खास पारितोषिक: २५ डॉलर आणि ब्राँझचे पदक. ते का, तर त्याच्यामुळे काउंटीत पाहुण्यांची रीघ लागली म्हणून. ही कादंबरी मैत्रीची आणि मरणाची गोष्ट म्हणून वाचली जाते, आणि ती तशी आहेच. पण माझ्या मते या दोन बक्षिसांमधला फरक हा तिचा कणा आहे. अमेरिकेतल्या ग्रामीण मेळ्यांच्या दीडशे वर्षांच्या स्थित्यंतराचा हिशेब व्हाइट यांनी त्यात मांडला आहे. तो नीट वाचला की पुस्तकाचे बळ दिसते, आणि त्याने काय टाळले तेही दिसते.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, ग्रामीण भागात लोकसंख्येने मात्र पुष्कळदा आपल्या तालुक्याहूनही लहान. तिथे वर्षातून एकदा भरणारा मेळा म्हणजे काउंटी फेअर. त्याला आपण सवयीने जत्रा म्हणू, पण एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्या जत्रेच्या मध्यभागी देव असतो. बाजार, तमाशा, कुस्त्या त्याच्याभोवती जमतात. काउंटी फेअरच्या मध्यभागी परीक्षक असतो. तो जनावराच्या पाठीवरून हात फिरवतो, मुरंब्याची चव घेतो, गोधडीचे टाके तपासतो आणि निकाल देतो. देवापुढे सगळे नवस सारखे. परीक्षकापुढे एकच पहिला.

या संस्थेचा उगम बहुधा एल्काना वॉटसन यांच्यापाशी नेला जातो. १८०७ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावच्या चौकात दोन मेरिनो मेंढ्या लोकांना बघण्यासाठी आणून ठेवल्या. या जातीची लोकर तलम. ती आसपासच्या शेतकऱ्यांनी पाळावी हा हेतू. मेंढ्या बघायला एवढे लोक जमले की, दोन मेंढ्यांना ही गर्दी तर मोठ्या प्रदर्शनाला किती येतील, असा विचार वॉटसन यांच्या मनात आला. १८१० मध्ये जनावरांचे प्रदर्शन भरले आणि पुढच्या वर्षी बर्कशर कृषी संस्था उभी राहिली. मिरवणूक, भाषण, बक्षिसे, बायकांनी विणलेल्या कापडाला इनाम हा साचा तिथे तयार झाला. सुधारणा आणि गर्दी ही जुळी भावंडे आहेत, हे या कथेत पहिल्याच दिवशी दिसते. पूर्वी मेळा शुद्ध शेतीचा होता आणि पुढे करमणुकीने तो बिघडवला, असे जे हळहळून सांगितले जाते, ते म्हणूनच मला पटत नाही.

तरीही तोल ढळत गेला हे खरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्यांच्या शर्यती मेळ्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाल्या आणि सुधारणावादी मंडळी कुरकुरू लागली. १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनात 'मिडवे प्लेझन्स' नावाच्या पट्ट्यात खेळ, तमाशे आणि २६४ फूट उंचीचा फेरिसचा पाळणा उभा राहिला. तेव्हापासून मेळ्यातल्या करमणुकीच्या गल्लीला अमेरिकेत सर्रास 'मिडवे' म्हणू लागले आणि असे खेळ घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कंपन्या निघाल्या. आता मेळ्याचे दोन भाग पडले: एका अंगाला गोठे, दुसऱ्या अंगाला पाळणे. आईबाप पहिल्या भागात, मुले दुसऱ्या भागात. साहित्याने हा मेळा उचलला तो नेमका या दुभंगलेल्या अवस्थेत.

फिल स्टाँग यांची 'स्टेट फेअर' (१९३२) ही कादंबरी या दुभंगावरच बेतलेली आहे. काउंटीच्या वरची पायरी म्हणजे राज्याचा मेळा. आयोवातले फ्रेक कुटुंब तिथे जाते. बाप एबल आपल्या ब्लू बॉय या डुकराची काळजी वाहतो, आई लोणच्यांची. वेन आणि मार्जी ही मोठी झालेली मुले मात्र मेळ्यात प्रेमात पडतात. डुक्कर जिंकते, लोणचीही जिंकतात, मुलांची प्रेमे मात्र घरापर्यंत येत नाहीत. मार्जी आपल्या वार्ताहर प्रियकराला नकार देते आणि शेतावर परतते. स्टाँग यांचा हा शेवट मला प्रामाणिक वाटतो. आठवडाभर जे शक्य वाटते ते मेळ्याच्या फाटकाबाहेर टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. १९३३ च्या चित्रपटाने हा शेवट बदलून मार्जीला तिचा प्रियकर परत मिळवून दिला, आणि १९४५ च्या रंगीत संगीतपटाने तोच गोडवा आणखी पातळ केला. १९६२ च्या आवृत्तीत तर गोष्ट आयोवातून उचलून टेक्ससमध्ये नेली. दर वेळी डुक्कर थोडे मागे सरकले आणि पाळणा पुढे आला.

पण स्टाँग यांच्या कादंबरीत एक मोठी पोकळी आहे. शेतमालाचे भाव कोसळलेले असताना ती लिहिली गेली. ती निघाली त्याच वर्षी, १९३२ च्या ऑगस्टमध्ये, आयोवातल्या सू सिटीच्या आसपास शेतकरी रस्त्यावर उतरून दुधाच्या आणि जनावरांच्या गाड्या अडवत होते. फ्रेक कुटुंबावर कर्जाची सावलीदेखील नाही. ब्लू बॉयला सर्वोत्तम ठरवणारा परीक्षक कादंबरीत आहे. त्याच जातीच्या डुकराला बाजारात काय दर मिळतो, हे सांगणारा दलाल नाही. मेळा हा आठवड्याचा युद्धविराम आहे असे म्हणून लेखकाचे समर्थन करता येईल. मात्र युद्धविराम दाखवायचा तर युद्ध कुठे चालले आहे, हे एखाद्या वाक्यात तरी यायला हवे होते.

व्हाइट यांना बाजार ठाऊक होता. मेन राज्यातल्या नॉर्थ ब्रुकलिन इथे त्यांचे स्वतःचे शेत होते आणि जवळचा ब्लू हिलचा मेळा त्यांच्या पाहण्यातला. १९४८ साली त्यांनी 'डेथ ऑफ अ पिग' हा निबंध लिहिला. पुढे कापायचे म्हणून पाळलेले डुक्कर आजारी पडते, लेखक त्याची शुश्रूषा करतो आणि ते मेल्यावर शोक करतो. ज्याला आपण मारणारच होतो त्याच्यासाठी रडायचे, हे विचित्र आहे याची जाणीव त्या निबंधात ओळीओळीत आहे. चार वर्षांनी आलेली कादंबरी त्याच गाठीपाशी सुरू होते. फर्न ही मुलगी बापाच्या कुऱ्हाडीखालून किडमिडीत पिलू वाचवते. पुढे ते सहा डॉलरला मामाकडे विकले जाते. आणि हिवाळ्यात आपले काय होणार, हे त्याला गोठ्यात कळते.

शार्लट ही कोळ्याची मादी त्याला वाचवते ती जाळ्यात शब्द विणून. हे शब्द येतात कुठून, हे पाहण्यासारखे आहे. टेंपलटन उंदीर उकिरड्यावरून कागदाचे तुकडे आणतो. मासिकातल्या जाहिरातीतला 'कुरकुरीत' हा शब्द शार्लट नाकारते, कारण तो ऐकून लोकांना खाण्याचीच आठवण होईल. साबणाच्या खोक्यावरचा 'तेजस्वी' तिला चालतो. डुकरात काहीही बदललेले नाही. त्याचे वजन, हाड, जात, ज्या गोष्टी परीक्षक तपासतो त्या सगळ्या होत्या तशाच आहेत. बदलली ती त्याच्यावरची पाटी. शार्लट ही आपल्या क्षेत्रातली उत्तम जाहिरातकार आहे, आणि लोक छापील अक्षरावर विश्वास ठेवतात, हे तिने ओळखले आहे.

म्हणून मेळ्यातल्या त्या दोन बक्षिसांना अर्थ येतो. अंकलला मिळालेली फीत जुन्या मेळ्याची आहे: पारख जाणणाऱ्याने पारखून दिलेली. विल्बरचे पदक नव्या मेळ्याचे आहे: गर्दी खेचण्याबद्दल दिलेले. ध्वनिक्षेपकावरून विल्बरचे कौतुक होते ते काउंटीला प्रसिद्धी मिळवून दिल्याबद्दल. आज ज्याला पर्यटन म्हणतात त्याची भाषा ती. आणि गंमत अशी की ही उथळ, जाहिरातीची भाषाच एका जिवाला वाचवते. जाणकारांची भाषा त्याला कधीच वाचवू शकली नसती. व्हाइट यांनी करमणुकीच्या गल्लीला नावे ठेवली नाहीत, हे त्यांचे शहाणपण. मात्र तिची किंमतही लपवली नाही. पदक जाहीर होत असताना फर्न हेन्री फसी या मुलासोबत पाळण्यात बसायला पैसे मागते आणि निघून जाते. मेळा उठतो, तंबू उतरतात, आणि शार्लट ओसाड मैदानावर एकटीच मरते. मेळा उठून गेल्यावरच्या त्या पटांगणाइतके ओके वर्णन मी बालवाङ्मयात क्वचितच वाचले आहे.

आता जे टाळले आहे त्याकडे येतो. अंकलचे पुढे काय झाले? कादंबरी सांगत नाही. निळी फीत लागलेले डुक्कर मेळ्यातून कुठे जाते, हे काउंटी फेअर पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. विल्बर अपवाद म्हणून वाचतो. नियम जागच्या जागी राहतो.

हा नियम कोणता, ते २०२२ साली कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत उघड्यावर आले. आजच्या मेळ्यांत मुलांनी वाढवलेल्या जनावरांचा लिलाव हा मानाचा कार्यक्रम असतो. मूल महिनोन्महिने जनावर पाळते, धुते, चालवायला शिकवते आणि शेवटी विकते. विकलेले जनावर थेट कत्तलखान्यात जाते. तिथल्या मेळ्यात एका नऊ वर्षांच्या मुलीने सीडर नावाचा बोकड आणला. लिलावाच्या वेळी तिचा जीव फुटला आणि तिने बोकड देण्यास नकार दिला. बोली होती ९०२ डॉलरची. तीतला मेळ्याचा वाटा ६३ डॉलरच्या आसपास. आईने भरपाई देऊ केली, बोली लावणाऱ्यानेही हरकत घेतली नाही. व्यवस्थापनाने नियमावर बोट ठेवले. शेरीफच्या माणसांनी पाचशे मैलांहून अधिक प्रवास करून बोकड ताब्यात घेतला, आणि तो कापला गेला. खटला झाला; २०२४ साली काउंटीने ३ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

मी 'शार्लट्स वेब' नव्याने वाचले ते या बातमीनंतर. सीडरसाठी जाळे विणणारे कोणी नव्हते असे नाही. वर्तमानपत्रांत शब्द पुष्कळ विणले गेले, फक्त उशिरा. पण व्यवस्थापनाची अडचणही मला समजते. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास ६८ लाख शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती १९ लाखांवर आली. डुकराची पाठ पाहून त्याची जात सांगणारी माणसे मेळ्याच्या गर्दीत आता मूठभर. २०११ साली कॅलिफोर्नियाने आपल्या मेळ्यांचे सुमारे ३.२ कोटी डॉलरचे अनुदान थांबवले. मोठ्या शहरांजवळचे मेळे तिकिटांवर आणि पाळण्यांवर तगले, आडगावचे स्थानिक देणगीदारांवर अवलंबून राहिले. अशा वेळी मुलांचा लिलाव हाच 'आम्ही अजून शेतीचा मेळा आहोत' असे सांगण्याचा शेवटचा पुरावा उरतो. म्हणून त्याचा नियम एवढ्या कडवेपणाने राखला जातो. जे आतून खरे राहिले नाही ते विधी म्हणून अधिक कडक होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती २०१४ पासून २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात झुंजत होत्या, तेव्हाही भांडण बैलाइतकेच, गाव अजून गाव आहे का, याचे होते.

मराठीत मेळ्यातल्या डुकराची एक गोष्ट आहे, आणि ती 'शार्लट्स वेब'शेजारी ठेवून पाहावी असे मला वाटते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाच्या नावाचाच अर्थ डुक्कर. तिथे डुकराला पदक नाही. ते विटाळाचे जनावर आहे, आणि त्याला पकडण्याचे काम कैकाडी कुटुंबाच्या माथी मारलेले आहे. गावच्या जत्रेत नाचणाऱ्या जब्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते: इतरांनी नाचावे, त्याने उजेड धरावा. अमेरिकी मेळ्यात निदान म्हणण्यापुरते तरी प्रत्येक प्रवेशिकेला परीक्षकापुढे उभे राहता येते. 'फँड्री'तल्या जत्रेत कोणाला कुठे उभे करायचे, हे जन्माआधीच ठरलेले असते. देवापुढे सगळे नवस सारखे, असे मी वर म्हटले. नवस करणारे सारखे नसतात, हे मंजुळे दाखवतात.

तेव्हा मेळ्यावरच्या साहित्याला एकच प्रश्न विचारावा असे मला वाटते: बक्षीस कोणी दिले, आणि ते न मिळालेल्याचे काय झाले? 'स्टेट फेअर' हा प्रश्न विचारतच नाही. 'फँड्री' दगड भिरकावून विचारतो. 'शार्लट्स वेब' पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर असामान्य नजाकतीने देते आणि दुसऱ्या अर्ध्यापाशी थांबते. मोठे पुस्तक असूनही ते तिथे थांबते, असे मी म्हणणार नाही. लहान मुलांना रात्री झोपताना वाचून दाखवायच्या पुस्तकाने कुठवर जावे, हे व्हाइट यांना नेमके कळत होते. अंकलच्या कुंपणावर लटकवलेली ती निळी खूण त्यांनी पानावर ठेवली आणि त्याबद्दल पुढे चकार शब्द काढला नाही. मोठेपणी पुस्तक हाती घेणाऱ्याने ती पाहायची असते.