बालसखीच्या अभ्यासात कोण नाही?

शिक्षणावर पीएचडी करायची म्हणताय, तर बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांचा २००७ चा बालसखी पेपर वाचावाच लागेल. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी तरुणी रोज दोन तास शिकवायची. गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. रँडमायझेशन चोख आहे, त्यात खोट काढत बसू नका.

नमुना कुठून घेतला ते बघा. चिठ्ठ्या टाकल्या त्या शाळांच्या. म्हणजे मोजली गेली ती पटावरची मुलं. घाटकोपरच्या टेकडीवर धाकट्या भावाला सांभाळत घरी राहिलेली मुलगी या आकड्यांत येणार कुठून? किंवा दिवाळीनंतर आई-बापामागे बोरिवलीच्या बांधकामावर आलेला मुलगा? वयाच्या दाखल्यावाचून प्रवेश नाकारू नये, असं आरटीईचं कलम १४ म्हणतं खरं; पण आधी त्याला शाळेच्या दारापर्यंत कोणी न्यायला हवं ना!

पेपरने तसा दावा केलेलाच नाही. चूक होते ती 'शाळाबाह्य मुलं' या प्रकरणात तो बिनदिक्कत उद्धृत करणाऱ्यांची. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मीही तेच केलं होतं. गाइडनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं : 'पटाबाहेरचं काय?'