रँचमालकाची अरेरावी आता कुणाला हवी आहे?

काउबॉय प्रेमकादंबरीतला जुना नायक हुकूम सोडत असे. नायिकेने रँच सोडून जायचं नाही, कुणा दुसऱ्याशी हसून बोलायचं नाही. ती 'नको' म्हणाली तरी तो तिला जवळ ओढणार, आणि शेवटच्या चार पानांत हे सगळं प्रेमापोटीच होतं असं कबूल करून मोकळा होणार. अमेरिकेत असंख्य स्त्रियांनी ही गोष्ट आवडीने, पुन्हापुन्हा वाचली. आज तोच प्रसंग वाचताना त्यांच्या मुलींचा, आणि कित्येकदा त्यांचा स्वतःचाही, संताप होतो. बायका बदलल्या म्हणून पुस्तकं बदलली, असं याचं सोपं उत्तर दिलं जातं. ते खोटं नाही, पण त्यात कादंबरीच्या घडणीकडे दुर्लक्ष होतं. नायकाची अरेरावी वाचक कुठे उभी राहून पाहते, यावर ती त्याला माफ करणार की नाही हे ठरत आलं आहे, असं मला वाटतं.

या नायकाचा पूर्वज ओवेन विस्टर यांच्या 'द व्हर्जिनियन' (१९०२) या कादंबरीत भेटतो. व्हरमाँटहून वायोमिंगला शिकवायला आलेली मॉली वुड त्याला द्वंद्वाला जाऊ नकोस म्हणून विनवते, गेलास तर आपलं लग्न होणार नाही असं बजावते. तो जातो, आपला वैरी ट्रॅम्पास याला मारतो, आणि लग्नही होतं. वायोमिंगमध्ये स्त्रियांना १८६९ सालीच मताधिकार मिळाला होता. शिक्षिकांना पुरुष शिक्षकांइतकाच पगार देण्याचा कायदाही तिथे त्याच वर्षी झाला होता. विस्टर यांच्या कथेत मात्र शिक्षिकेचा शब्द पुरुषाच्या इभ्रतीपुढे टिकत नाही. वेगळी वाट नव्हती असं नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकांना माहीत झालेल्या कॉनरॅड रिक्टर यांच्या 'द सी ऑफ ग्रास'मध्ये न्यू मेक्सिकोतल्या बलाढ्य रँचमालकाची बायको त्याचं घर सोडून जाते. त्यावर १९४७ साली चित्रपटही निघाला. प्रेमकादंबरीने मात्र विस्टर यांचाच साचा उचलला आणि त्यात 'द शेख'सारख्या (१९१९) कादंबऱ्यांतली जबरदस्ती मिसळली. १९७४ साली आलेल्या रोझमेरी रॉजर्स यांच्या 'स्वीट सॅव्हेज लव्ह'मध्ये नायक स्टीव्ह मॉर्गन नायिकेवर बळजबरी करतो आणि तरीही नायकच राहतो.

त्याच वर्षी मिल्स अँड बूनने जॅनेट डेली यांची टेक्सासच्या रँचवर घडणारी 'नो क्वार्टर आस्क्ड' छापली. मिल्स अँड बूनची मालक असलेल्या हार्लेक्विनच्या लेखिकांमधली पहिली अमेरिकी म्हणून डेली ओळखल्या जातात. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात घडणारी एकेक कादंबरी त्यांनी लिहिली. मुंबई-पुण्याच्या लायब्रऱ्यांमध्ये भाड्याने मिळणाऱ्या मिल्स अँड बूनच्या पुस्तकांतून असे नायक आपल्याकडच्या मुलींनाही भेटले. या पुस्तकांचं निवेदन जवळपास पूर्णपणे नायिकेच्या बाजूने असे. तो चिडला, तिला चारचौघांत टाकून बोलला, तर का, हे तिला कळत नसे आणि आपल्यालाही कळत नसे. त्याचा कठोरपणा हे एक कोडं होतं. शेवटी तो आपलं मन उघडं करी आणि मागचा प्रत्येक अपमान आपोआप प्रेमाचा पुरावा ठरे. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या अभ्यासात अमेरिकेतल्या एका गावाच्या नियमित वाचकांशी बोलून हेच पकडलं: नायक मुळात हळवा आहे याची खात्री या स्त्रियांना हवी होती, त्याच्या रागाचा अर्थ त्या तसा लावत होत्या, आणि क्रौर्य एका मर्यादेपलीकडे गेलं की पुस्तक त्यांना नकोसं होत होतं. तेव्हा जुन्या वाचक निमूटपणे सगळं गिळत होत्या, हा आजचा समज त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. त्या निवडत होत्याच.

१९९२ साली जेन अ‍ॅन क्रेंट्झ यांनी लेखिकांचेच लेख जमवून 'डेंजरस मेन अँड अ‍ॅडव्हेंचरस विमेन' काढलं. धोकादायक पुरुषाला माणसात आणण्यातच या कथेची सगळी ताकद आहे, अशी बाजू त्यात जोरात मांडलेली आहे. त्यातला लॉरा किन्सेल यांचा लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाचक नायिकेच्या जागी बसते हे गृहीतक त्या नाकारतात. ती नायकाच्याही मनात शिरते, त्याची सत्ता आणि त्याचं कोसळणं स्वतः अनुभवते, असं त्या म्हणतात. हे पटतं. पण रँचवरच्या नायकाची सत्ता नुसती स्वभावातली नसते. जमीन त्याची, गुरं त्याची, तालुक्याच्या बँकेत आणि शेरीफच्या कचेरीत शब्द त्याचा. नायिका बहुतेकदा त्याची सेक्रेटरी, स्वयंपाकीण, नाहीतर पोरकी पाल्य. डायना पामर यांची टेक्सासच्या जेकब्सव्हिल गावातली 'लाँग, टॉल टेक्सन्स' ही १९८८ पासूनची मालिका या विषम नात्यावरच उभी आहे: वयाने मोठा, रागीट मालक आणि कोवळी, अननुभवी मुलगी. पामर यांना आजही निष्ठावंत वाचक आहेत. पण शाळकरी वयात या कादंबऱ्यांवर जीव टाकलेली बाई चाळिशीत तीच पानं उघडते तेव्हा तिला आधी दिसतो तो पगार देणारा माणूस. त्याच्यापुढे नोकरी गमावण्याची भीती असलेल्या मुलीचं 'हो' किती खरं, हा प्रश्न तिला टाळता येत नाही.

दरम्यान निवेदन बदललं. आधी नायकाच्या मनातले परिच्छेद आले, आता तर एक प्रकरण तिचं आणि एक त्याचं, दोन्ही 'मी'च्या तोंडून, अशी रीतच पडली आहे. एल्सी सिल्व्हर यांची 'फ्लॉलेस' (२०२२) किंवा लायला सेज यांची वायोमिंगमध्ये घडणारी 'डन अँड डस्टेड' (२०२३) अशीच लिहिलेली आहे. कोडं संपलं की जुन्या नायकाचा आधारच जातो. तो मत्सराने पेटला आहे, तिच्या मर्जीची त्याला फिकीर नाही, हे त्याच्याच शब्दांत वाचायला मिळालं तर मागाहून दिलेलं कोणतंही स्पष्टीकरण पुरत नाही. म्हणून आजचा काउबॉय मनातल्या मनात स्वतःला आवरतो, तिला विचारतो, चुकला तर पानंच्या पानं गयावया करतो, आणि वाचक या गयावयेची चवीने वाट पाहतात. सिल्व्हर यांच्या 'हार्टलेस'मधला केड तिरसट आहे, मालक आहे, नायिका त्याच्या मुलाला सांभाळणारी आहे. म्हणजे नातं जुनंच. फरक इतका की ती त्याला तोंडावर उत्तर देते आणि तिचं उत्तर त्याला आवडतं, हे आपल्याला त्याच्याकडूनच कळतं.

ही वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही. पळवून नेणारे, कोंडून ठेवणारे नायक 'डार्क रोमान्स' या नावाखाली भरपूर खपत आहेत. तिथे पुस्तकाच्या सुरुवातीलाच आत काय काय आहे याची सूचना असते आणि वाचक ते जाणून पान उलटते. मला यात ढोंग दिसत नाही. मला खटकतं ते सौम्य म्हणवणाऱ्या काउबॉयच्या बाबतीत: तिला हात लावणाऱ्याचा जबडा फोडणारा हा नायक जुन्याच मनगटशाहीने वागतो, फक्त तिची दिशा नायिकेकडून दुसऱ्या पुरुषाकडे वळली आहे. वाचकांनी हे फार सहज सोडून दिलं आहे.

एका प्रसंगी मात्र त्यांनी सोडलं नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने कॅरन विटमायर यांच्या 'अ‍ॅट लव्हज कमांड' या धार्मिक वळणाच्या वेस्टर्न कादंबरीला पुरस्कार दिला. तिचा नायक घोडदळातला अधिकारी, आणि १८९० सालच्या वुंडेड नीच्या हत्याकांडात सामील. सैन्याने तिथे अडीचशेहून अधिक लकोटा मूळनिवासी माणसं मारली, त्यांत बायकामुलं होती. नायक पश्चात्ताप करतो, देवाची क्षमा मागतो, प्रेम मिळवतो. वाचक आणि लेखिका खवळल्या आणि काही दिवसांतच संघटनेने पुरस्कार मागे घेतला. नायिकेशी हा माणूस कसाही वागो, त्याने ज्यांना मारलं त्यांच्या वतीने त्याला क्षमा करायला नायिका कोण, असा त्या संतापाचा अर्थ होता. इथे अरेरावीचा हिशेब दोघांच्या नात्याबाहेर, ज्या जमिनीवर हा नायक उभा आहे तिथपर्यंत गेला.

तिथे लेखिका बेव्हर्ली जेन्किन्स आधीपासून काम करत होत्या. जुन्या पश्चिमेतल्या काउबॉयांपैकी सुमारे एक चतुर्थांश कृष्णवर्णीय असावेत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. छापील काउबॉय मात्र जवळपास सगळे गोरे. जेन्किन्स १९९४ च्या 'नाइट साँग'पासून कृष्णवर्णीयांची पश्चिम लिहीत आल्या. त्यांच्या 'वाइल्ड रेन'मध्ये (२०२१) वायोमिंगमधली रँच स्प्रिंग ली या बाईच्या मालकीची आहे. वॉशिंग्टनहून आलेला वार्ताहर गॅरेट मॅक्रे बर्फाच्या वादळात सापडतो आणि ती त्याला वाचवते. इथे हुकूम देणारी ती. गॅरेटला आपलं पुरुषपण सिद्ध करायला तिला नमवावं लागत नाही, आणि तो मिळमिळीतही वाटत नाही, कारण जेन्किन्स यांनी त्याला स्वतःचं काम, स्वतःची मतं आणि कुतूहल दिलं आहे. नायक नुसता मऊ करून चालत नाही. रँच कुणाच्या नावावर आहे हे बदललं की दोघांचं बोलणंही बदलतं. अशा कादंबऱ्या अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. गाजणाऱ्या मालिकांमध्ये रँच अजूनही बापाकडून मुलांकडेच चालली आहे.