इची-नो-तानीचे रणांगण आणि गवत कापणारे

जपानच्या नो नाट्यपरंपरेतील थोर नाटककार झेआमी (सुमारे १३६३–१४४३) यांचे ‘आत्सुमोरी’ हे नाटक बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांनी विचारपूर्वक वाचावे असे आहे.

इ. स. ११८४ मध्ये सुमा किनाऱ्यावर, आजच्या कोबे शहरात, इची-नो-तानी येथे मिनामोतो व ताइरा या सामुराई घराण्यांची लढाई झाली. ‘हेइके मोनोगातारी’ या युद्धकथेनुसार मिनामोतो पक्षाच्या कुमागाई नाओझानेने एका ताइरा योद्ध्याला खाली पाडले. शिरस्त्राण दूर होताच त्याला आपल्या मुलाच्या वयाचा कोवळा चेहरा दिसला. तो आत्सुमोरी होता. त्याला सोडून द्यावे असे कुमागाईला वाटले; परंतु स्वपक्षाचे स्वार जवळ येताच त्याने त्याचा शिरच्छेद केला. मृताजवळ एक बासरी सापडली. पुढे कुमागाईने आचार्य होनेन यांचे शिष्यत्व पत्करले.

नाटकात हाच भिक्षू रेन्सेई या नावाने रणांगणावर परत येतो. तेथे त्याला गवत कापणारे भेटतात. हलक्या मानलेल्या माणसाने इतकी सुरेल बासरी वाजवावी, याचे त्याला नवल वाटते. त्यावर, वरच्याचा हेवा करू नये, खालच्याला तुच्छ लेखू नये, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. चीवर धारण केले तरी उच्चनीचतेचा संस्कार सुटत नाही, हे झेआमी एवढ्याशा संवादातून उघड करतात.

तथापि येथेच आमचा आक्षेप आहे. तो गवत कापणारा म्हणजे आत्सुमोरीचे भूत, असे पुढे कळते. म्हणजे श्रमिकाला दिलेली प्रतिष्ठा पुन्हा सरदारपुत्राकडेच जाते. इतर गवत कापणारे निघून जातात. त्यांची व्यथा कोणी विचारत नाही.

शेवटी भूत तलवार उगारते. पण समोरचा आता वैरी नाही, हे उमजून ती खाली घेते. आत्म्याची कल्पना आम्हांस मान्य नाही. नाट्यरूपक म्हणून मात्र हा प्रसंग मोलाचा आहे. सर्व अनित्य आहे, असे म्हणून हत्येची जबाबदारी पुसता येत नाही. अंगुलिमालालाही भिक्षू झाल्यावर लोकांमध्ये जाऊन दगडांचा मार सोसावा लागला. रेन्सेईचे मोठेपण त्याच्या प्रार्थनेत नसून मारलेल्यासमोर परत येऊन उभे राहण्यात आहे. धम्माचा केंद्रबिंदू माणसाचे माणसाशी असलेले नाते होय, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची शिकवण येथे आठवते.

सुमा येथे आत्सुमोरीच्या नावाचा दगडी स्मृतिस्तूप आजही उभा आहे. तेथे जाणाऱ्याने बिननावाच्या गवत कापणाऱ्यांचेही स्मरण करावे, एवढेच आमचे मागणे.