‘राजा हरिश्चंद्रा’चीं उपलब्ध रिळें : साधनपरीक्षा

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. सुमारें ३,७०० फूट लांबीच्या ह्या कृतीपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत राहिलीं आहेत; आणि तींहि फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हा घेतलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्रा’चीं असावींत, असा कांहीं अभ्यासकांचा पक्ष आहे. असें असतां त्यांवरून १९१३ च्या फाळक्यांविषयीं बेधडक निर्णय दिले जातात, हें आम्हांस मान्य नाहीं. मिती न पाहतां पत्राचा काळ ठरविण्यासारखेंच हें होय.

फिल्मलाहि मिती असते. कोडॅक कंपनीनें १९१६ पासून फिल्मच्या कडेस वर्षदर्शक खुणा घालण्यास आरंभ केला. मूळ निगेटिव्हची अशी खूण हातीं आली तर १९१३ चा पक्ष टिकणार नाहीं. उलट, खूण नाहीं म्हणून तो सिद्धहि होत नाहीं. खूण फिल्म बनल्याचें वर्ष सांगते, चित्र घेतल्याचें नव्हे. त्याच खुणा वीस वर्षांनीं फिरून येतात. शिवाय प्रतीवरून प्रत काढतांना मूळची कड उतरते किंवा मुळींच उतरत नाहीं. मोडी कागदांच्या नकला हाताळणारांस ही अडचण नवी नाहीं.

रसग्रहणांतहि हाच घोटाळा होतो. त्या काळची नेहमीची फिल्म निळा व फार तर हिरवा प्रकाश टिपी. तांबडें वस्त्र तिच्यावर काळें उमटे व निळें आभाळ कोरें. तीं पाहून फाळक्यांच्या अभिरुचीस नांवें ठेवणारे रसायनाचें खापर कलावंताच्या माथीं फोडतात. पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार राहिलेल्या गृहस्थास हें ठाऊक नव्हतें, हें संभवत नाहीं.

ह्या फिल्मचें नायट्रेट उष्णतेनें व दमटपणानें कुजतें. त्यांतून सुटणारें आम्ल चांदीची प्रतिमा व जिलेटिन दोन्ही खातें. तें पेटलें तर हवेवांचूनहि जळतें. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मा ह्याच द्रव्याच्या असत, ता. १५ मे १९२९ रोजीं अमेरिकेंत क्लीव्हलंडच्या रुग्णालयांत त्या पेटून १२३ माणसें दगावलीं, तीं बहुतेक विषारी धुरानें. पुण्यासहि २००३ च्या जानेवारींत नायट्रेटचा मोठा सांठा भस्म झाला. गोंदियाकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तिकडील घरांत जुनीं रिळें वा निगेटिव्हा असल्यास चांदीसाठीं मोडींत देऊं नयेत. त्या विस्तवापासून दूर, थंड जागीं ठेवाव्यात व कडेच्या खुणा उतरून घेऊन संग्रहालयास कळवाव्यात.