बुटावरचा माड

हैती आणि कुरासाव १८ नोव्हेंबर २०२५च्या एकाच रात्री फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरले. त्यानंतर हाताने रंगवलेले जे जे ‘कॅरिबियन’ फुटबॉल बूट माझ्यापुढे आले, त्यांतल्या बहुतेकांनी मला चीड आणली. एका बुटावर झेंडा, दुसऱ्यावर माड आणि मावळता सूर्य, टाचेवर बेटाचा नकाशा. देश बदलला की झेंडा बदलतो, माड तोच राहतो. कुरासाव असेल तर माडाशेजारी विलेमस्टॅडच्या धक्क्यावरची रंगीत घरं येतात, पर्यटनाच्या पोस्टरवरून जशीच्या तशी उचललेली. सगळ्यात वाईट अवस्था जमैकाची. लाल, सोनेरी, हिरवा पट्टा आणि बॉब मार्लीचा चेहरा, की झाला जमैका! १९६२ साली फडकलेल्या जमैकाच्या ध्वजात लाल रंग नाही. तो काळा, हिरवा आणि सोनेरी आहे. लाल-सोनेरी-हिरवा हा रास्ताफारी पंथीयांनी इथिओपियाकडून श्रद्धेने घेतलेला पट्टा आहे, आणि याच रास्ताफारींना १९६३ साली कोरल गार्डन्समध्ये स्वतंत्र जमैकाच्या पोलिसांनी पकडून बडवलं होतं. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून ते रंग इतक्या सहज राष्ट्राच्या नावावर लागणार नाहीत.

आपल्याला हा प्रदेश क्रिकेटमुळे ओळखीचा. वेस्ट इंडीजच्या बोधचिन्हातही माड आहे, पण अनेक देशांना एका संघात बांधणारी खूण म्हणून तो तिथे शोभतो. फुटबॉलमध्ये हे देश वेगवेगळे उभे राहतात. हैती १९७४ला, जमैका १९९८ला, त्रिनिदाद आणि टोबॅगो २००६ला विश्वचषकात खेळले ते आपापल्या नावाने. त्याच खेळाच्या बुटावर सगळ्यांना पुन्हा एका माडाखाली आणून बसवणं हा निव्वळ आळस आहे.

कारागिरीबद्दल माझी तक्रार नाही. ॲसिटोनने कारखान्याचा लकाकता थर उतरवायचा, लवचीक ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात एकावर एक द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, शेवटी संरक्षक थर. हे आता अनेकांना उत्तम साधतं. हुबेहूब चेहरे काढणाऱ्यांचं कसब खरं आहे, पण ज्याला फोटो हवा त्याने फोटो लावावा. फुलं-पाखरं काढणाऱ्यांना डॉमिनिकाच्या झेंड्यावरच्या सिसेरू पोपटापलीकडे डॉमिनिकाबद्दल काही सांगायचं नसतं. ग्रेस वेल्स बॉनर यांनी २०२३ साली आदिदाससाठी केलेले जमैकाचे संघवेश देखणे आहेत, पण ते कापड आहे आणि आपण रंगकामाबद्दल बोलतो आहोत.

मला खिळवून ठेवलं ते हैतीच्या टॅप-टॅपकडून धडा घेतलेल्या मोजक्या जोड्यांनी. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रस्त्यांवर प्रवासी वाहणाऱ्या या गाड्यांच्या अंगावर रंगाविना इंचभर जागा सुटत नाही. येशूच्या शेजारी मेस्सी असतो, काचेच्या वर देवाचं नाव किंवा एखादं सुभाषित. टॅप-टॅप रंगवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की समोरून येणारा काय वाचेल, मागच्या गाडीतला कशाकडे बघत राहील आणि चढणाऱ्या माणसाच्या हाताखाली कुठला रंग आधी झिजेल. या चांगल्या जोड्यांत नेमकी ही जाण आहे. टाचेवर पाठलाग करणाऱ्या बचावपटूला दिसेल एवढाच एक ठसठशीत आकार. बाहेरच्या बाजूला गर्दी, कारण ती प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्याला दिसते. आतली बाजू चेंडूची, म्हणून तिथे बारीक काम नाही, सपाट गडद रंग आहे. धावताना चवड्याशी घडी पडते तिथे चित्र आधीच तोडलेलं असतं, म्हणजे पुढे भेग पडली तरी ती चित्रातलीच रेघ ठरते. बूट ही चालती, वाकणारी, लाथ मारणारी वस्तू आहे हे या चित्रकारांनी ओळखलं आहे. बाकीच्यांनी त्याला छोटा कॅनव्हास मानलं.

आणि वापरातल्या वस्तूवरचं चित्र दुय्यम असं कॅरिबियनमध्ये कोण म्हणेल? एक्तोर इपोलित हा व्होडू पुरोहित. माँरुईतल्या एका मद्यालयाच्या दारावर त्याने रंगवलेली फुलं-पाखरं अमेरिकन चित्रकार डिविट पीटर्सच्या नजरेस पडली, आणि १९४४ साली पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उघडलेल्या ‘सांत्र दार’ या कलाकेंद्रातून तो जगापुढे आला. हैतीच्या आधुनिक चित्रकलेचं एक मोठं नाव असं मद्यालयाच्या दारावरून आलं आहे. सुरिनाममध्ये, पारामारिबोच्या बसगाड्यांवर, हिंदी सिनेमातले नट-नट्या हाताने रंगवलेले असतात, कारण करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचाही तो देश आहे. त्रिनिदादही त्यांचा आहे. नायपॉल यांच्या कादंबरीतला मिस्टर बिस्वास पाट्या रंगवून कमावतो. सेंट जेम्समधल्या होसेच्या, म्हणजे मोहरमच्या, मिरवणुकीतले ताबूत हे त्रिनिदादी हस्तकलेचं शिखर आहे. पण मी पाहिलेल्या एकाही त्रिनिदादी जोडीवर ताबूत नव्हता. स्टीलपॅन होता, अर्थातच, आणि माड.

इथे पीटर मिन्शलचं नाव घ्यावंच लागतं. १९८३च्या त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्ये, ‘रिव्हर’ या त्याच्या कामात, मोठा जमाव पांढऱ्या कपड्यांत रस्त्यावर उतरला आणि मंगळवारी त्या पांढऱ्यावर रंग ओतला गेला. कपडे खराब झाले. खराब होणं हाच त्या कामाचा गाभा होता, कारण नदी कशी नासते ते अंगावर दाखवायचं होतं. हे ज्या भूमीवर घडलं, तिच्या नावाने रंगवलेले बूट काचपेटीत ठेवून विकायचे आणि ‘एकदाही न घातलेले’ अशी त्यांची जाहिरात करायची? न खेळलेला बूट हा पूर्ण झालेला बूट नव्हे. त्याला चिखल लागला पाहिजे, स्टड झिजले पाहिजेत, समोरच्याच्या पायाने रंगाचा टवका उडाला पाहिजे. सी. एल. आर. जेम्स यांनी ‘बियाँड अ बाउंड्री’मध्ये (१९६३) क्रिकेट ही कला आहे असं ठणकावलं ते खेळाडूच्या शरीराच्या हालचालीवर बोट ठेवून. १९७४ साली म्युनिकमध्ये हैतीच्या मानो सानोंने झॉफला वळसा घालून गोल केला आणि इटलीच्या त्या गोलरक्षकाची ११४२ मिनिटांची अभेद्यता संपवली. तो गोल बुटावर आणायचा तर सानोंचा चेहरा काय कामाचा? ती धाव आणि तो वळसा रेषेत आला पाहिजे.

मग हा माड येतो कुठून? माझ्या मते तो नियमपुस्तकातून येतो. फुटबॉलचा चौथा नियम साहित्यावर राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक घोषणा आणि चित्रं चालू देत नाही. हैतीतून राजकारण आणि धर्म काढून बघा! गुलामांनी बंड करून मिळवलेला तो देश. फ्रेंचांना निर्णायक मार बसला तो वेर्तियेरला, १८ नोव्हेंबर १८०३ रोजी, विश्वचषकाची पात्रता मिळाली त्याच तारखेला. बंडाचे नेते तुसाँ आणि देसालिन, व्होडूचे टिकल्या-मण्यांचे ध्वज हे सगळं काढलं की उरतो माड. २०२६च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी स्टेला जीन यांनी केलेल्या हैतीच्या पोशाखावर घोड्यावर स्वार तुसाँ होता. राजकीय चिन्ह म्हणून ऑलिम्पिक समितीने तो काढायला लावला, आणि रंगाचा हात फिरवून स्वार झाकावा लागला. त्याआधी २०२१ साली आयाक्सच्या मार्ली-जर्सीवरचे तीन इवलेसे पक्षीसुद्धा युएफाने खपवून घेतले नाहीत.

संघटनांचं वागणं मला मान्य नाही, पण निदान कळतं. चित्रकारांचं कळत नाही. काचपेटीतला बूट कुठला पंच तपासणार आहे? मैदानावर जायचं नाही असं एकदा ठरवल्यावर वेर्तियेर रंगवायला अडचण कोणती? हे लोक खेळाची जोखीम घेत नाहीत आणि बोलण्याचीही घेत नाहीत. ज्या बुटाला चेंडू लागणार नाही त्याच्यावरही ते फिफाला चालेल एवढंच काढतात, आणि त्याला राष्ट्रीय संस्कृती म्हणून दाम लावतात. त्या दामातला किती हिस्सा पोर्ट-ओ-प्रिन्सला पोचतो, हे संग्राहकांनी विकत घेताना विचारलं पाहिजे. टॅप-टॅप रंगवणारे हात तिथे आहेत, पारामारिबोत बस रंगवणारे आहेत, त्रिनिदादमध्ये ताबूत उभारणारे आहेत. बूट त्यांच्याकडे पाठवा, पूर्ण मोबदला द्या, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि ती जोडी अशा मुलाच्या पायात घाला जो शनिवारी तिच्यासह मैदानात उतरेल.