दगा, फितूर आणि खलबत

दगाबाज, फितूर, बेइमान, मक्कार, नमकहराम. मराठी ऐतिहासिक कादंबरीतल्या खलनायकाचे या शब्दांशिवाय चालत नाही. हे शब्द फारसी-अरबीतून आले, एवढ्यावरून काही जण हसत सुचवतात की दगाही तिकडूनच आला असावा. (मग कपट, वंचना, धूर्त, कुटिल हे संस्कृत शब्द कोणासाठी घडले, हे विचारायचे राहूनच जाते.) इमान आणि वफादार हेही त्याच वाटेने आले. मराठी माणूस कुत्र्याला इमानी म्हणतो तेव्हा तो आमच्या श्रद्धेचाच शब्द वापरत असतो.

शब्दांचा प्रवास मात्र पाहण्यासारखा आहे. अरबीत फुतूर म्हणजे शैथिल्य. उर्दूत तो डोक्यातला बिघाड झाला. मराठीत किल्लेदार फितूर झाले आणि आता कोर्टात साक्षीदार होतात. मसलत मूळची मसलहत, म्हणजे हित. खलबत मूळची खलवत, म्हणजे एकांत. सूफींनी अल्लाहच्या स्मरणासाठी धरलेला एकांत तो हाच. मराठीत त्याचे बंद दाराआडचे कारस्थान झाले.

आमची तक्रार येथे आहे. रायगडावर खलबतखाना दाखवतात. तो आपण सारेच अभिमानाने पाहतो. पण कथेत चार गडी पारावर बसले की गप्पा मारतात आणि चार मुसलमान मशिदीच्या ओट्यावर बसले की त्यांची ‘खलबते’ चालतात. लेखकाने उघड आरोप केलेला नसतो. एका शब्दाने तो होऊन जातो.

आमचे कथाकारही काही कमी नाहीत. निकाह लपवणारा नवरा, चुगल्या लावणारी फुफी, जमीन लाटणारा भाऊ, सगळ्यांना एकच ‘मक्कार’. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला. तो उघडून पाहणारे आमच्यात किती? आणि मराठीत काय कमी आहे? बनेल, बिलंदर, साळसूद, आतल्या गाठीचा, पाताळयंत्री. प्रत्येकाचा माणूस निराळा. लबाड तर आई लेकराला कौतुकानेही म्हणते.

सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव उडवून ईदला तिच्या हातावर ईदी ठेवणारा भाऊ साळसूद असतो. त्याला मक्कार म्हटले की तो नाटकातला होतो. बहीणही त्याला तसे म्हणत नाही. ‘भाईजान हुशार आहेत,’ एवढेच बोलून ती ईदी पदराला बांधते. हे वाक्य आमच्या कथांत आम्हाला अजून भेटलेले नाही.